शंभरपैकी घर

"बाबा, आपल्या घराला शंभरपैकी किती मार्क?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे तोंड माझं होतं, पण पैज टॉवर आणि चष्मिसची होती. टॉवर म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, आणि चष्मिस म्हणजे चष्मिस, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी दोघींना फुशारक्या मारत होते की माझे बाबा ज्या पर्यटकांच्या जहाजावर सफाईचं काम करतात, त्या जहाजाचीसुद्धा परीक्षा असते. न सांगता तपासनीस येतात, हातात टॉर्च घेऊन, आणि शंभरपासून सुरुवात करून एकेक मार्क कापत जातात. बर्फाच्या मशीनमध्ये काळा ठिपका? कापा. फ्रीजच्या दाराच्या रबरात पावाचा चुरा? कापा. शहाऐंशीला पास, पंच्याऐंशीला नापास. "पंच्याऐंशीला नापास?" टॉवर एवढ्या जोरात किंचाळली की तिचा डबा पालथा झाला, कारण तिला आयुष्यात कधी पंच्याऐंशी मिळालेले नाहीत. चष्मिसने मात्र शांतपणे काच पुसली आणि म्हणाली, "मग तुझ्या घराला किती? विचारून दाखव. हिंमत आहे?" गेल्या वर्षापर्यंत हिंमत हा शब्द ऐकला की मी बाकाखाली पेन शोधायला लागायचे. आता मी मान ताठ करून म्हटलं, विचारते, त्यात काय! हरले तर आठवडाभर टॉवरचं दप्तर उचलायचं, आणि टॉवरच्या दप्तरात विटा असतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

म्हणून रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, मी विचारलं. आई तिचा चष्मा पदराने पुसत होती (ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि स्वतःचा चष्मा मात्र पदराने पुसते). मला वाटलं बाबा हसतील, नव्याण्णव म्हणतील, आणि सोमवारी मी टॉवरच्या नाकावर टिच्चून वर्गात शिरेन. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, त्याचा कान उजवीकडे फिरवला, जसा ते रोज फिरवतात, जसं जहाजावर कुणीतरी त्यांना शिकवलं असेल, आणि म्हणाले, "सांगून तपासणी होत नसते, ठमे." "मग ही न सांगताच झाली ना," मी म्हटलं. "बरोबर," बाबा म्हणाले आणि उठून कपाटावरचा छोटा काळा टॉर्च त्यांनी हातात घेतला. टॉर्चचं बटण टक्कन वाजलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की घराची तपासणी म्हणजे सगळ्या घराची, म्हणजे माझ्या खोलीचीसुद्धा, म्हणजे माझ्या दाराच्या चौकटीचीसुद्धा. आणि त्या चौकटीबद्दल मी चार दिवस तोंडातून ब्र काढला नव्हता.

बुधवारी शाळेतून आले तेव्हा ती चौकट दुधासारखी पांढरीशुभ्र झाली होती. एक बूट पायात, एक हातात, तशीच मी उभी राहिले. त्या चौकटीवर, कडीच्या बाजूला, नऊ रेघा होत्या, पेन्सिलीने मारलेल्या. बाबा जहाजावरून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथे उभं करायचे, टाचा लाकडाला टेकवून, आणि डोक्यावर पंजा सपाट ठेवून हलकीशी रेघ मारायचे. तारीख आई लिहायची, कारण बाबांचं अक्षर बाबांनाच लागत नाही. आई दुकानात दिवसभर कार्बनच्या पावत्यांवर नंबर लिहिते, म्हणून ती कुठेही लिहिते ते खालच्या दोन पानांवर उमटलंच पाहिजे इतकं दाबून लिहिते. रेघ बाबांची, तारीख आईची, डोकं माझं. आणि दोन रेघांच्या मध्ये जी कोरी जागा, ते नऊ-दहा महिने, ज्यात बाबा नसायचे. लहानपणी मी त्या जागेवर बोट फिरवायचे आणि मला वाटायचं की मी रेघेच्या दिवशीच एकदम उंच होते, बाबा आले की टुणकन, आणि मधले महिने नुसती थांबून राहते. चौथी आणि पाचवी रेघ अगदी जवळजवळ होत्या, त्या वर्षी मी बहुतेक वाढायला विसरले होते. सातवी आणि आठवीत चार बोटांचं अंतर होतं. आठवी मारताना बाबा बराच वेळ पंजा डोक्यावरून काढेनात. "एवढी?" म्हणाले. फक्त एवढंच. आणि बुधवारी त्यातलं काहीच नव्हतं. चौकटीच्या पायाशी तीन बादल्या ओळीने ठेवलेल्या, लाल, राखाडी आणि पांढरी. लाल धुवायची, राखाडी विसळायची, पांढरी जंतू मारायची. जहाजावर हा क्रम चुकला तर नोकरी जाते म्हणे. म्हणून आमच्या घरीही तो कधी चुकत नाही.

आता पहिली पाळी स्वयंपाकघराची होती. बाबा गुडघ्यांवर बसले, गाल फरशीला लावला आणि टॉर्च फरशीवर आडवा धरला. समोरून उजेड मारणारे तपासनीस नवखे, असं ते म्हणतात. समोरून सगळंच स्वच्छ दिसतं. उजेड बाजूने सरपटत सोडला की धुळीच्या एकेका कणाची सावली पडते. "ओट्याखाली एक शेंगदाण्याचं साल," बाबांनी जाहीर केलं. "ते माझं नाही," मी म्हटलं. "सालावर नाव नसतं," आई म्हणाली, "पण शेंगदाणे या घरात एकच माणूस खातो, बाईसाहेब." बाबा नळापाशी आले आणि नळ बघून थोडेसे हसले, कारण तो नळ आता चकचकीत होता. त्या नळाची एक गंमत आहे. बाबा यायच्या आधीचा पूर्ण महिना आई त्या नळाला हात लावत नाही. बाकी सगळं घर घासते, आणि नळाच्या बुडाशी क्षारांचा पांढरा थर वाढू देते. या वेळी मी उत्साहाने घासणी घेऊन गेले तर अंगावर आली, "राहू दे तो!" "अगं पण बाबा येणार आहेत." "म्हणूनच राहू दे." मला वाटलं आईचा पार गोंधळ झालाय. मग बाबा आले, आणि पहिल्याच सकाळी त्यांची नजर नळावर पडली, आणि त्यांचा चेहरा कसा खुलला! कुणाचं तरी पत्र आल्यासारखा. बाह्या सरसावून ते तासभर त्या नळाशी गप्पा मारल्यासारखे घासत राहिले, आणि आई पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती, तिचे नुसते कान हसत होते. तेव्हा मला कळलं. दहा वर्षं ती तो नळ राखून ठेवत आली होती.

पण एक नळ किती दिवस पुरणार? अठरा दिवस झाले बाबांना येऊन. नळ झाला, पंख्याची पाती झाली, गॅसचे बर्नर झाले, पुस्तकांच्या कपाटामागची भिंतसुद्धा झाली. बाबा घरात बसत नाहीत. म्हणजे खुर्चीत बसतात, पण कडेला, कुणी आलं तर लगेच उठता यावं असे. पलंग आवरला की त्यावर टेकत नाहीत. माझ्या खोलीवर तीनदा टकटक करतात, मग एक पाऊल बाजूला सरकून मनात पाचपर्यंत मोजतात (मी दाराआडून त्यांच्याबरोबर मोजते), आणि मगच आत येतात. पहिल्या संध्याकाळी तर त्यांनी आमच्या मुख्य दारावरच तीनदा टकटक केली होती, किल्ली खिशात असताना. मी दार उघडलं तर ते बाजूला सरकून उभे, दोन बॅगा घेऊन, आणि चेहऱ्यावर ते परक्या पाहुण्यांसाठीचं हसू, जे मला बघितल्यावर विरघळून खरं व्हायला दोन सेकंद लागले. त्या दोन सेकंदांत मला कुणीतरी लांबून बघतंय असं वाटलं, समुद्रावरून.

जहाजावर अठरा खोल्या असतात बाबांकडे, दिवसातून दोनदा. खोल्यांतल्या माणसांना ते फारसे भेटतच नाहीत, माणसं बाहेर गेली की हे आत जातात. पण ओळखतात सगळ्यांना. उशीवरच्या खळग्यावरून, कचऱ्याच्या डब्यातल्या औषधाच्या पाकिटांवरून, आरशावरच्या बोटांच्या ठशांवरून. एका खोलीतल्या म्हातारीचा नवरा वारलाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती पलंगाच्या एकाच कडेला झोपते आणि दुसऱ्या उशीवर रोज तिची शाल घडी करून ठेवते, त्यावरून कळलं. मग बाबा पलंग आवरताना ती शाल तशीच त्या उशीवर ठेवायचे, नियमात बसत नसलं तरी. आणि रोज संध्याकाळी टॉवेलचा हत्ती करून तो शालीच्या शेजारी बसवायचे. लहानपणी मला त्या हत्तींचे फोटो यायचे. मी सगळ्या हत्तींना नावं दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टॉवेलने कुणीतरी अंग पुसतं हे कळल्यावर मी दिवसभर जेवले नव्हते. घरी आल्यावर बाबा माझीही खोली तशीच वाचतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "डाव्या कुशीवर झोपायला लागलीस. पेन्सिल चावायची सोडलीस. आणि आरशासमोर उभी राहून बोलतेस." मी उडालेच! "हे कसं कळलं?" "आरशावर तोंडाच्या उंचीला वाफेचे डाग आहेत, ठमे. नुसतं बघणारी माणसं एवढ्या जवळून श्वास सोडत नाहीत." खरंच होतं. सहा महिन्यांपूर्वी प्रार्थनेनंतरच्या बातम्या वाचणारी मुलगी आजारी पडली आणि बाईंनी माझ्या हातात कागद कोंबला. पहिलं वाक्य मी बुटांशी बोलले. दुसरं पहिल्या रांगेशी. आणि तिसऱ्या वाक्याला माझ्याच घशातून एक आवाज निघाला, मोठा, गोल, जिन्यापर्यंत जाणारा, आणि सगळी शाळा वर बघायला लागली, आणि मी पण बघायला लागले की हे कोण बोलतंय! तेव्हापासून तो आवाज माझ्याकडेच राहतो. बाबा गेले तेव्हा घरात एक पुटपुटणारी मुलगी होती, आले तेव्हा ही. फोनवर त्यांना वाटायचं की लाइन सुधारली. आवाजाची रेघ कुठल्या चौकटीवर मारतात?

आणि उंचीचीही या वेळी मारली नव्हती. दहावी रेघ राहिलीच. बाबा आले त्याच्या दुसऱ्या सकाळी मला बातम्या वाचायच्या होत्या, मी तोंडात पाव धरून पळाले. संध्याकाळी बाबांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे. तिसऱ्या दिवशीही तसंच. एवढ्या मोठ्या मुलीला चल, उभी राहा असं म्हणायला त्यांना अवघड वाटत असणार, आणि बाबा, रेघ मारा ना असं म्हणायला मला, मलासुद्धा, अख्ख्या शाळेसमोर बोलणाऱ्या मला! मग फ्रीजवर दोन कागद लागले. आमच्या घरात मोठ्या गोष्टी फ्रीजवर लागतात आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. एक जहाज कंपनीचा, की तुम्हाला एका पूर्ण मजल्याच्या सफाईचे सुपरवायझर केलं आहे, नऊ महिने, सोमवारपर्यंत कळवा. दुसरा इथल्याच हॉस्पिटलचा, बसने दोन स्टॉपवरच्या, की वॉर्डांची सफाई बघायला अनुभवी माणूस हवा आहे. मंगळवारी मी दात घासत होते आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला. "माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही. छान चाललंय दोघींचं. मी असलो की उगाच पायात पायात." आई म्हणाली, "हं." आईच्या "हं"चे अकरा प्रकार आहेत, मी मोजलेत, पण हा बारावा होता आणि त्याचा अर्थ मला लागेना. थांबा असं आई का म्हणाली नाही? दहा वर्षं तिने कधी जा म्हटलं नाही आणि थांबाही म्हटलं नाही, फक्त एक नळ राखून ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी चौकट पुसली गेली. मी बुधवारपासून तेच चघळत होते. मुद्दाम तर पुसली नाही ना? जाताना खोली आवरतात, पाहुण्यांच्या खुणा पुसतात, तशी? की जाणारा माणूस स्वतःच्याच खुणा पुसतो?

"स्वयंपाकघर, वजा एक," बाबा म्हणाले. "बाथरूम, वजा शून्य." "बाथरूम तुम्हीच धुतलंय, त्याचे मार्क कसे धरायचे?" आई म्हणाली. "तक्रार लेखी द्यावी," बाबा म्हणाले आणि आई फिस्सकन हसली, मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यावर लटकलं, कारण बाबा माझ्या खोलीकडे वळले होते. सवयीने त्यांनी उघड्या दारावर तीनदा टकटक केली. एक पाऊल बाजूला सरकले. एक, दोन, तीन. माझ्या मनात आलं, ओरडावं, शंभर आहेत, पास आहोत, चहा गार होतोय! चार. त्यांनी सवयीनेच डावा हात चौकटीवर टेकला, आणि बोटं खाली सरकली, आणि थांबली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. पाच. बाबा आत आलेच नाहीत.

"इथे," ते म्हणाले. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझ्या सगळ्या शंकांची एवढी लाज वाटली! तो चेहरा काहीच मुद्दाम केलेल्या माणसाचा नव्हता. "मी पुसली? बुधवारी. बिजागरी, चौकट, कडी, बटण. हात चालू होता, डोकं त्या पत्रात. हात काही बघत नाही, ठमे. डाग दिसला की..." "पेन्सिलच तर होती, बाबा." "तू बघितलंस?" "बुधवारी." "आणि बोलली नाहीस?" आता मी काय सांगणार? सगळ्या शाळेला जगभरच्या बातम्या वाचून दाखवते आणि घरातली एक बातमी चार दिवस गिळून बसले. "तुम्हाला वाईट वाटलं असतं," मी पुटपुटले, जुन्या आवाजात. बाबा खाली बसले, उंबऱ्यावरच. खुर्चीच्या कडेला बसतात तसे नाही, सगळं वजन टाकून. "वजा पंधरा. चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "नापास. त्या घराचा सफाईवाला काढून टाकायला हवा." ते गमतीने म्हणत होते आणि त्यांचा आवाज मुळीच गमतीचा नव्हता.

तेव्हा आईने त्यांच्या हातातून टॉर्च काढून घेतला. चष्मा डोक्यावर सरकवला, गाल चौकटीला लावला, आणि उजेड समोरून न मारता बाजूने, लाकडाच्या अंगावरून सरपटत सोडला. दहा वर्षं बाबांचं बघून बघून शिकली असणार. "अहो," ती म्हणाली. "इकडे बघा." बाबा उठले आणि आम्ही दोघांनी गाल लावले, वर बाबांचा, मध्ये माझा, खाली आईचा. रंगाच्या थरात, अगदी बारीक, सावलीएवढे, आकडे होते. आईच्या हाताचे. दाबून लिहिलेले. एक तारीख, तिच्यावर एक, तिच्यावर एक. बाबांच्या हलक्या रेघा गेल्या होत्या, त्यांचा मागमूस नव्हता, पण बाबा ज्या ज्या दिवशी आले ते सगळे दिवस तिथे रुतून बसले होते. अगदी खालची तारीख माझ्या बेंबीच्याही खाली होती. मी मोजल्या. आठ सापडल्या. चौथी मिळेना, पाचवीत मिसळली असेल. "एवढं दाबून लिहितेस होय गं," बाबा म्हणाले. "कार्बनची सवय," आई म्हणाली, आणि तिने टॉर्च बंद केला नाही, तसाच धरून ठेवला, आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "पुसून जातील म्हणून नव्हते हो दाबत. पुन्हा याल म्हणून दाबत होते." आणि तो मंगळवारचा बारावा "हं" मला एकदम कळला. त्यात "थांबा" होतं. इतकं दाबलेलं की वर काही दिसतच नव्हतं.

बाबा पुन्हा खाली बसले आणि खालच्या तारखेवर बोट ठेवून राहिले. फ्रीजवर दोन कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते. उद्या सोमवार. मला दिसत होतं की ही दोघं आता उठतील, चहा गरम करतील, बाबा "बरं" म्हणतील, आई "हं" म्हणेल, आणि कंपनीचा कागद सहीसाठी खाली उतरेल, कारण या घरात दाबून लिहिणारी माणसं आहेत आणि पुसणारी माणसं आहेत, बोलणारं कुणीच नाही. मग मी आहे की! मी टेबलावरची पेन्सिल घेतली, बाबांच्या हातात कोंबली, आणि उंबरा ओलांडून चौकटीला पाठ लावून उभी राहिले. टाचा टेकवल्या. मान ताठ. बाबा उठले, त्यांनी पंजा माझ्या डोक्यावर ठेवला आणि नेहमीसारखी रेघ न मारता नुसता तसाच ठेवून दिला, जड, ब्लीचचा वास येणारा.

"थांबा, आधी ऐका," मी म्हणाले. "मी ठरवलंय."

"काय ठरवलंय बाईसाहेबांनी?" आईने विचारलं.

मी छाती भरून श्वास घेतला, आरशावर वाफ धरेल एवढा, आणि प्रार्थनेच्या वेळचा माझा मोठा, गोल, जिन्यापर्यंत जाणारा आवाज काढला.

"यापुढे बाबा आले म्हणून रेघ मारायची नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मारायची, मी वाढो न वाढो. तारीख आईच लिहील. पण रेघ आईला जमणार नाही, तिला स्टूल लागतं आणि स्टुलावर तिला गरगरतं."

"मला कधी गरग..." आई म्हणाली, आणि थांबली. "गरगरतं खरं," ती म्हणाली. "फार गरगरतं."

"म्हणून रेघ बाबांनीच मारायची," मी म्हणाले. "आणि दाबून मारायची. पुढची एक तारीख बुधवारी आहे."